वाळवंटातील शर्यत: नाव मागे घ्यावे की सराव दुप्पट करावा?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, गेल्या सहा वर्षांत पाच मॅरेथॉन आणि ५० किलोमीटरची एक शर्यत पूर्ण केली आहे. पाच महिन्यांनी होणाऱ्या वाळवंटातील २५० किलोमीटरच्या शर्यतीसाठी त्यांनी नाव नोंदवले आहे. सात दिवस, सहा टप्पे, त्यांतला एक ८० किलोमीटरहून मोठा. पाणी आणि रात्रीचा तंबू आयोजकांचा, बाकी अन्न-अंथरूण सगळे स्वतःच्या पाठीवर. आराखड्याप्रमाणे आठवड्याला १०० किलोमीटरवर पोचून पुढे १३० गाठायचे होते. पण पोटरी दुखावल्याने सहा आठवडे गेले आणि सध्या मजल ५५ वर अडकली आहे. त्यातच एका दुपारी उन्हात ओझे घेऊन धावताना २२व्या किलोमीटरला मळमळ सुरू झाली, डोके ठणकू लागले आणि थांबावे लागले. तोवर पावणेतीन तासांत सोबतचे चार लिटर पाणी पिऊन संपले होते. बोटातली अंगठी रुतून बसली होती, असेही त्यांनी लिहिले आहे. ‘माझे शरीर उन्हासाठी बनलेलेच नाही’ असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे. नोंदणी पुढच्या वर्षावर ढकलण्याची मुदत सहा आठवड्यांनी संपते. सराव दुप्पट करावा की माघार घ्यावी, आणि निम्मे अंतर चालतच जावे लागणार असेल तर जाण्यात अर्थ काय, असे ते विचारतात. पत्नी ‘तुला हवे ते कर’ एवढेच म्हणाली आहे आणि त्याचा अर्थ त्यांना लागत नाही.

प्रिय वाचक,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात आठवड्याच्या किलोमीटरांचा हिशेब चार ठिकाणी आला आहे. पायांना येणारे फोड, पाठीवरच्या पिशवीचे वजन आणि रात्रीची झोप यांचा उल्लेख मात्र एकदाही नाही. ५५ या आकड्याने मी फारसा अस्वस्थ झालो नाही, या मोकळ्या जागांनी झालो.

आधी १३० चा आकडा कुठून आला ते पाहू. असे आराखडे बहुधा एका दिवसात संपणाऱ्या शर्यतींसाठी, आणि तेही पुढच्या फळीतल्या धावपटूंसाठी आखलेले असतात. एका दिवसाच्या शर्यतीत शेवटची रेघ ओलांडल्यावर शरीराचे काय होते याला फारसे महत्त्व नसते. दुसऱ्या दिवशी जिना पाठमोरे उतरावा लागला तरी लोक ती गंमत म्हणून सांगतात. तुमच्या शर्यतीत ती रेघ ओलांडून झाली की पुन्हा सकाळी तेच सुजलेले पाय त्याच बुटात घालून उभे राहायचे असते, आणि हे एकदा नव्हे, पाच वेळा. म्हणून सरावातली प्रत्येक गोष्ट मी एकाच कसोटीला लावतो: तिने दुसऱ्या दिवसाची सकाळ सोपी होते की अवघड? पोटरी नुकतीच बरी झालेली असताना किलोमीटर दुप्पट करणे या कसोटीला अजिबात उतरत नाही. तो मार्ग तुम्ही आजच बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालण्याबद्दल तुम्ही ज्या सुरात लिहिले आहे, तो सूरही मला तपासून पाहावासा वाटतो. या प्रकारच्या शर्यतींत सर्वांत प्रसिद्ध असलेली मोरोक्कोतील ‘मॅराथॉन दे साब्ल’ १९८६ मध्ये अवघ्या २३ स्पर्धकांनिशी सुरू झाली. तिचा जनक पॅट्रिक बाउअर हा १९८४ मध्ये अल्जीरियातील सहारात अन्नपाणी पाठीवर घेऊन एकटाच सुमारे ३५० किलोमीटर गेला होता, आणि त्याला १२ दिवस लागले होते. म्हणजे या शर्यतीचा उगमच एका पदयात्रेत आहे. आजही तिच्या शेवटी दोन उंट चालत असतात आणि स्पर्धकाला बाद व्हायचे नसेल तर त्यांच्या पुढे राहायचे असते. मधल्या आणि मागच्या फळीतले बहुतेक लोक अंतराचा मोठा भाग चालतच कापतात.

शिवाय साधा हिशेब करून पाहा. ३५ किलोमीटरचा टप्पा ताशी साडेपाच किलोमीटरच्या नेटक्या चालीने गेलात, तर साडेसहा तासांच्या आत तंबूत पोचता. तोच टप्पा सकाळच्या गारव्यात उत्साहाने ताशी आठच्या वेगाने १५ किलोमीटर धावून, मग उन्हात मोडून पडून, उरलेले २० किलोमीटर ताशी साडेतीनने रखडत गेलात, तर साडेसात तासांहून अधिक लागतात. एक तास जास्त उन्हात, एक तास कमी विश्रांती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आणखी वाईट. मात्र पाठीवर ओझे घेऊन तासन्‌तास भरभर चालणे आपोआप जमत नाही. त्याचा सराव नसेल तर दोन-तीन तासांत नडगीपुढचे स्नायू जळजळू लागतात आणि चांगला धावपटूही चालण्यात मागे पडतो. त्यामुळे आठवड्यातला एक सराव निव्वळ चालण्याचा ठेवा, आणि शर्यतीच्या नियमांत काठ्यांना परवानगी असेल तर त्यांच्यासह करा.

तुमच्याजवळ पाच महिने आहेत. आठवड्याचे किलोमीटर आजच्या ५५ वरून हळूहळू ७५ ते ८५ पर्यंत नेलेत, तरी तुमच्या उद्दिष्टाला ते पुरेल. फरक पडतो तो त्यांच्या मांडणीने. शनिवारी आणि रविवारी सलग लांब सराव करा: सुरुवातीला २० आणि १५ किलोमीटर, पुढे २८ आणि २२, आणि शेवटच्या दोन महिन्यांत एक-दोनदा सलग तीन दिवस. तीन आठवडे वाढवत नेल्यावर चौथा आठवडा हलका ठेवायचा. रविवारचा सराव शनिवारच्या थकव्यावर होतो आणि खरी शिकवण तिथेच मिळते. ओझे दोन किलोपासून सुरू करा, दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे वाढवा, आणि पूर्ण वजनाने फक्त चाला. पूर्ण ओझ्याने धावण्याचा सराव करून गुडघे आणि कंबर दुखवून घेतलेले धावपटू मी बरेच पाहिले आहेत. मऊ वाळूत टाच खाली रुतते आणि पोटरी व टाचेमागची शीर जास्त ताणली जाते, त्यामुळे तुमच्या बाबतीत वाळूवरचा सराव अगदी थोडा आणि उशिरा सुरू झालेला बरा. त्याऐवजी जिने चढा-उतरा आणि आठवड्यातून दोनदा पोटऱ्या, मांड्या व खुब्यांचे व्यायाम करा. वाळूची टेकडी आली तर वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि आडोशाची बाजू भुसभुशीत असते, एवढे लक्षात ठेवा, आणि पुढच्याच्या पावलात पाऊल टाका.

आता त्या दुपारबद्दल. उष्णतेने हरवले, असे तुम्ही धरून चालला आहात. मी डॉक्टर नाही आणि रक्ततपासणीशिवाय त्या दिवशी काय झाले हे कोणीच खात्रीने सांगू शकणार नाही. नुसती बोटे सुजणे तर ओझे घेऊन चालताना अनेकांना होते. पण पावणेतीन तासांत चार लिटर म्हणजे ताशी जवळजवळ दीड लिटर, आणि त्याच्या जोडीला मळमळ, डोकेदुखी व रुतलेली अंगठी हे चित्र पाहून मला पाणी कमी पडल्यापेक्षा जास्त झाल्याचा संशय अधिक येतो. घामावाटे जाते त्याहून अधिक पाणी पीत राहिले की रक्तातील सोडियम पातळ होत जाते. दीर्घ श्रमात मूत्रपिंडेही जादा पाणी चटकन बाहेर टाकत नाहीत. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा त्यांतील १३ टक्के लोकांचे सोडियम कमी भरले होते, आणि ज्यांचे वजन शर्यतीदरम्यान वाढले होते त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. हा प्रकार वाढला तर गोंधळलेपण, झटके आणि मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणजे कितीही पाणी प्यावे, ही समजूतही चुकीची आहे.

उपाय साधा आहे. लांब सरावाआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा आणि मध्ये किती पाणी प्यायलात ते लिहा. वजन थोडे उतरले असेल तर ठीक. वाढले असेल तर तुम्ही जास्त प्यायलात. तहान लागेल तसे प्यावे, घड्याळ लावून पिऊ नये. आणि ही घटना शर्यतीच्या वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी जाल तेव्हा डॉक्टरांना जशीच्या तशी सांगा. प्रमाणपत्र मिळणार नाही या भीतीने लोक नेमके हेच लपवतात.

‘शरीर उन्हासाठी बनलेले नाही’ हा निष्कर्षही घाईचा आहे, कारण ते शरीर उन्हाला सरावलेलेच नव्हते. रोज तासभर किंवा थोडा अधिक वेळ उष्णतेत हलके श्रम केले तर साधारण १० ते १४ दिवसांत मोठा फरक पडतो. पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि त्याच श्रमाला नाडी कमी धावते. नंतर घाम लवकर व जास्त सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. पण हा बदल टिकाऊ नसतो, उष्णता सुटल्यावर दोन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. म्हणून आत्तापासून भर दुपारी धावून स्वतःला भाजून घेण्यात काहीच हशील नाही. हा सराव शर्यतीच्या आधीच्या तीन आठवड्यांत करा. त्या वेळी हवा थंड असेल तर सौम्य धावून आल्यावर लगेच सुमारे ४० अंशांच्या पाण्यात बसणे हाही उपयोगी मार्ग आहे: पहिल्या दिवशी १५ मिनिटे, पुढे वाढवत अर्ध्या तासापर्यंत, घरात कोणीतरी हाकेच्या अंतरावर असताना, आणि हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. मात्र सरावात किंवा शर्यतीत कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर तो उष्माघात समजून तिथेच थांबवून अंगावर मिळेल तेवढे गार पाणी ओतायचे आणि मदत बोलवायची; दवाखान्यात पोचेपर्यंत वाट पाहायची नाही.

पिशवीबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथे मी स्वतः फसलो होतो. माझ्या पहिल्या वाळवंटी शर्यतीला मी पाण्याशिवाय ११ किलो ८०० ग्रॅम वजन घेऊन उभा होतो. टूथब्रशचा दांडा मी अर्धा कापला होता, त्यात आठ ग्रॅम वाचले असतील. आणि जादा विजार, दुसरी बॅटरी, एक पुस्तक आणि लागेल-लागेल म्हणून घेतलेले जेवणाचे तीन पुडे तसेच आत होते. दुसऱ्या रात्री मी ते तंबूत ओळीने मांडले आणि त्यांतले काय टाकता येईल हे ठरवायला मला एक तास लागला. घरी तो तास जमिनीवर पाय पसरून, वजनकाट्याशेजारी बसून, डोके थंड असताना घालवता आला असता. तुम्ही तो घरीच घालवा. मॅराथॉन दे साब्लमध्ये पाणी सोडून पिशवीचे वजन साडेसहा ते १५ किलोंमध्ये असावे लागते आणि दिवसाला किमान २००० कॅलरींचे अन्न सोबत असावे लागते. तुमच्या शर्यतीचे नियम वेगळे असतील तर ते छापून काट्याजवळ ठेवा. सात दिवसांच्या १४,००० कॅलरी ग्रॅमला चार कॅलरी देणाऱ्या अन्नातून घेतल्या तर साडेतीन किलो भरतात. सुकामेवा आणि तेलबियांची भर घालून सरासरी पाचवर नेली तर दोन किलो ८०० ग्रॅम. तेवढ्यानेच ७०० ग्रॅम उतरतात. झोपण्याची पिशवी आणि मूळ पाठपिशवी हे दुसरे मोठे जिन्नस. झोपण्याची पिशवी हलकी घ्या, पण घ्याच, कारण कोरड्या, निरभ्र हवेत वाळू रात्री झपाट्याने निवते आणि दिवसा होरपळलेला माणूस पहाटे कुडकुडतो.

अन्न सरावातच, आणि तेही थकलेल्या पोटाने खाऊन पाहा. उन्हात चौथ्या दिवशी गोड पदार्थ तोंडाजवळ नेववत नाहीत, असा अनेकांचा अनुभव आहे, माझाही. खारट आणि आंबट काहीतरी सोबत हवेच.

पाय! शर्यत सोडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची फुप्फुसे आणि हृदय उत्तम असतात. त्यांना बूट घालवत नाही म्हणून ते थांबतात. उष्णतेत आणि सलग चालण्याने पाऊल सुजते, म्हणून बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक माप मोठे घ्या आणि लांब सराव त्याच बुटांनी, त्याच मोज्यांनी करा. वाळू आत जाऊ नये म्हणून बुटावर घालायचे कापडी गेटर नुसत्या चिकटपट्टीवर सोडू नका. ती पट्टी चांभाराकडून बुटाला चोहोबाजूंनी शिवून घ्या, कारण डिंक उन्हात सुटतो आणि एकदा फट पडली की तासाभरात मोज्यात मूठभर वाळू जमते. साधी पातळ कागदी टेप, जखमेवरची पट्टी चिकटवायला वापरतात ती, लावल्याने फोड कमी होतात, हे लांब शर्यतींतील धावपटूंवर केलेल्या पाहणीतही दिसले आहे. ती लावण्याची एक रीत आहे. आदल्या रात्री पाऊल धुऊन किंवा पुसून पूर्ण कोरडे करायचे. टेपचे तुकडे कापून त्यांचे कोपरे कात्रीने गोल करायचे, म्हणजे ते मोज्याला अडकून उचकटत नाहीत. बोटाखाली आणि टाचेच्या कडेला सुरकुती न पडू देता लावायचे, आणि मग तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरायचे, म्हणजे उबेने ती घट्ट बसते. पहिल्यांदा मला दोन्ही पावलांना ४० मिनिटे लागली. सरावाने बारा लागू लागली. चालताना एखादी जागा गरम वाटू लागली की त्याच क्षणी थांबा, पुढच्या चेकपॉइंटपर्यंत ढकलू नका. फोड आलाच आणि तो मोठा व दुखरा असेल, तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या, जंतुनाशक लावून झाका.

त्या दुखण्यावर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र घेऊ नका. अशाच लांब शर्यतींत ८९ धावपटूंना आयबुप्रोफेन किंवा साधी बिनऔषधी गोळी देऊन झालेल्या अभ्यासात, औषध घेतलेल्यांमध्ये मूत्रपिंडांना इजा झाल्याचे प्रमाण अधिक आढळले होते. लघवी काळ्या चहासारखी झाली तर तो टप्पा तिथेच संपला असे समजून डॉक्टरांकडे जायचे.

तंबूतली स्वच्छता ही कोणीच आधी विचारात न घेणारी बाब. २०२१ मध्ये मॅराथॉन दे साब्ल कोविडच्या साथीमुळे एप्रिलऐवजी ऑक्टोबरमध्ये झाली. एरवीपेक्षाही कडक ऊन आणि जुलाब-उलट्या यांमुळे जवळजवळ निम्म्या स्पर्धकांना ती सोडावी लागली, आणि एका स्पर्धकाचा मृत्यूही झाला. हात धुण्याच्या द्रवाची लहान बाटली वजनात बसवा, आणि कोणाच्याही पुड्यात हात घालू नका, कोणाला घालूही देऊ नका.

आता तुमच्या पत्नीबद्दल. तुम्ही तिला विचारले होते की कळवले होते, हे पत्रावरून समजत नाही. पाच महिन्यांचे शनिवार-रविवार, संध्याकाळची पेंग, आणि घरातल्या कामांतला तुमचा वाटा कोणी उचलायचा, हे सगळे न सांगता ‘मी जाऊ का?’ विचारले, तर ‘तुला हवे ते कर’ याहून वेगळे उत्तर मिळणे कठीण. तिच्या मनात भीतीही असू शकते. १९९४ च्या मॅराथॉन दे साब्लमध्ये माउरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात वाट चुकला आणि नऊ-दहा दिवसांनी सीमेपलीकडे अल्जीरियात सापडला, ही कथा शोधायला बसणाऱ्याला पहिल्याच झटक्यात सापडते. वादळ आले की आहे तिथेच थांबायचे आणि वाट दिसेपर्यंत हलायचे नाही हा नियम तुम्हाला पाठ आहे, विमा काढला आहे, आयोजकांचा संपर्क कागदावर आहे, आणि कोणती लक्षणे दिसली तर तुम्ही शर्यत सोडाल याची यादी ठरली आहे, हे तिच्याजवळ बसून सांगा. ती यादी तिच्याकडेच ठेवा.

राहिला निर्णय. तो आज घेण्याची गरज नाही. तुमच्याकडे सहा आठवडे आहेत. पहिले चार आठवडे वर लिहिल्याप्रमाणे सलग दोन दिवसांचा सराव सावकाश वाढवा, आणि पाचव्या शनिवाराला जोडून तीन दिवस मोकळे काढा. पाठीवर पाच किलो, पहिल्या दिवशी २५ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी २५, तिसऱ्या दिवशी १५. बरेचसे चालत, तहानेप्रमाणे पाणी, जेवण शर्यतीतलेच, झोप जमिनीवर. वेग मोजू नका. तिसऱ्या दिवशी सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे पोटरी आखडलेली असेल आणि मग सैल होईल, तर शर्यतीला जावे असे मला वाटते. चालता चालता ती अधिकच दुखू लागली, किंवा तुम्ही लंगडत असाल, तर नोंदणी पुढच्या वर्षावर टाका आणि हाच सराव घाई न करता करा. मुदत त्यासाठीच दिलेली असते. एक गोष्ट मात्र स्वतः ठरवू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही घरातला जिना कसा उतरता ते पत्नीला पाहायला सांगा, आणि तिने जे पाहिले ते तिच्याच शब्दांत कागदावर लिहून घेऊन मगच आयोजकांना कळवा.